जटाधारी श्वानाची निगा (खानदेश आवृत्ती)

जळगाव-धुळ्याच्या हवेत पाळायला सर्वांत गैरसोयीचा प्राणी कोणता, असं विचारलं तर पेंग्विनखालोखाल पुलीचा नंबर लागेल. पेंग्विन आणायला कायदा आडवा येतो. पुली आणायला मुख्यतः हौस लागते, आणि कापसाला भाव मिळालेल्या वर्षी ती आपल्याकडे भलतीच उफाळून येते.

पुली हा हंगेरीतल्या मेंढपाळांचा कुत्रा. उंची दीड फुटाच्या आत, वजन 13 ते 15 किलो, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सुतळीसारख्या जटा. फेसबुकवाल्या झुकरबर्गने असाच एक पांढरा पुली पाळला, त्याचं नाव बीस्ट. पुलीचा थोरला भाऊबंद कोमोंडोर. तो कायम पांढरा आणि 50-60 किलोंचा. तिकडच्या माळरानावर दिवसा पुलीने मेंढ्या हाकायच्या आणि रात्री कोमोंडोरने राखण करायची, अशी वाटणी. जटांमुळे लांडग्याचे दात कातडीपर्यंत पोचत नाहीत आणि थंडीही आत शिरत नाही. जळगावच्या रिंगरोडवर या दोहोंचा उपद्रव किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

एवढं वाचूनही निर्धार ढळला नसेल तर पहिलं काम म्हणजे घरातला कंगवा लपवणे. पिल्लू आठ-दहा महिन्यांचं झालं की आतली मऊ लोकर गळू लागते, पण वरच्या राठ केसांत अडकून तिथेच राहते आणि गुठळ्या धरते. त्या गुठळ्या बोटांनी, थेट कातडीपर्यंत फाडून, बोटभर जाडीच्या लडी वेगळ्या करायच्या. हे काम रोज थोडं थोडं करावं. ज्या घरात आजी दुपारी कापसाच्या वाती वळत बसते, तिथे कुत्रा सरळ तिच्या मांडीवर द्यावा. तिचा हात बसलेला असतो. लग्नसराईत तीन-चार आठवडे दुर्लक्ष झालं, तर लडी एकमेकींत गुंतून कुत्र्याच्या अंगावर सलग नमदा तयार होतो. मग सोडवायला आजी पुरत नाही.

याच सुमारास शेजारच्या काकू हळद-कुंकवाची कुयरी घेऊन येतील. त्यांना बसवून चहा द्यावा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायाबापड्यांची जट कापताना सांगतात, की हा देवीचा कोप नाही, न विंचरलेले गुंतलेले केस आहेत. आपल्या दारातही तेच आहे, फक्त इथे त्याला जातिवंतपणाचं लक्षण म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे पडतात.

आता आंघोळ. ती नळाला पाणी येईल त्या दिवशीच काढावी. पाणी वाघूरचं असो की नकाणे तलावाचं, ते भरपूर लागतं. शाम्पू बादलीत पातळ करून जटांवर ओतायचा आणि स्पंजासारखा दाबत मुरवायचा. चोळायचं नाही. मग निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं, कारण आत शाम्पू राहिला तर कुत्रा आठवडाभर खाजवतो. नंतर एकेक लड टॉवेलमध्ये धरून पिळायची. शेवटी कुत्रा सावलीत, पंख्यासमोर. पूर्ण वाळायला दिवस जातो, कधी दोन. कूलरपुढे बसवू नये. कूलर ओली हवा फेकतो आणि कुत्रा आहे तसाच राहतो. पंखा लावला की वीज जाईल, हे वेळापत्रकात आधीच धरावं.

मे महिन्यातल्या कोरड्या झळांनी हे काम लवकर उरकतं. पुली पाळायला खानदेशाने दिलेली सवलत ती एवढीच. पावसाळ्यात जटा आतून ओल्या राहतात, बुरशी धरते आणि घरभर भिजलेल्या घोंगडीचा वास सुटतो. पाहुणे टाळायचे असतील तर आषाढात आंघोळ घालावी.

जेवताना हनुवटीच्या जटा रबराने मागे बांधाव्यात. भरीत किंवा शेवभाजी कितीही लाडाने दिली तरी चालत नाही. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात, हे साध्या गावठी कुत्र्यालाही लागू आहे. दिवाळीनंतर शेताच्या बांधावर नेलं की गोखरू आणि कुसळं आपणहून भरती होतात. गोचीड मात्र दिसत नाही, ती चाचपूनच शोधावी लागते. औषध पशुवैद्यकाला विचारून द्यावं.

उन्हाळ्याबद्दल हसण्यासारखं फार नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळा ताप तो धापा टाकून बाहेर काढतो. पारा 45 वर गेला की पहाटे पाचलाच फिरवून आणावं. डांबरावर आपला उपडा हात ठेवून बघावा, हाताला सोसलं नाही तर पंजालाही सोसत नाही. लाळ गळायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटली, तर अंगावर गार पाणी, पंखा आणि लगेच डॉक्टर. पाणी जटांच्या मुळापर्यंत मुरायला वेळ लागतो, म्हणून आधी पोट आणि पाय भिजवावेत. काळा पुली असेल तर उन्हाने त्याचा रंग विटकरी होतो. त्यावर मेंदी लावू नये.

जटांमध्ये ऊन शिरत नाही, त्या उलट गारवा देतात, असं काही शौकीन सांगतात. त्यांना मे महिन्यात दुपारी भुसावळ स्टेशनवर घ्यायला जावं.

यातलं काहीच जमलं नाही तर उरतो कातरण्याचा मार्ग. जटा पुन्हा जमिनीला टेकायला काही वर्षं लागतात, तेव्हा मन घट्ट करावं. शहरातल्या पार्लरमध्ये हे काम करणारा सापडला नाही, तर साक्रीकडे ठेलाऱ्यांचा वाडा गाठावा. मेंढ्या कातरण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. कातर आणि कातडी यांच्यात किती अंतर ठेवायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हातारा ठेलारी पुलीला गुडघ्यात दाबून धरेल, एक लड हातात घेऊन ओढून बघेल, आणि विचारेल, “हाऊ मेंढा कितलाले लिधा, भाऊ?”

खरी किंमत सांगू नये.