बार्बाचा चौथा क्वार्टर

ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय आणि 'ओही' म्हणजे नाही. मी रत्नागिरीचा, म्हणून हे डोक्यात बसायला मला दोन महिने लागले आणि तेवढ्या काळात नको असलेली बरीच कॉफी पोटात गेली. 'रे' मात्र पहिल्याच दिवशी कळला. तो आपलाच 'रे'. तीच जागा, तोच हेल. २०२१च्या सप्टेंबरात पिरेयस बंदरातल्या जहाजांच्या एका ऑफिसात मी रुजू झालो. दुपारी मागच्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात डोकावलो, तर कोपऱ्यातून हाक आली, "एला रे!" एला म्हणजे ये. हे तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी पाय आपसूक वळले. जाऊन बसलो तो चार वर्षं बसलो.

हाक मारणारा तो बार्बा. बार्बा म्हणजे काका. खरं नाव सांगत नाही, कारण पिरेयसच्या प्रत्येक कॉफीच्या दुकानात असा एक असतोच आणि एकाचं नाव छापलं तर बाकीचे रुसतील. टगबोटीवरून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, हातात पिवळ्या मण्यांची माळ. माळ जपाची नव्हे, नुसता हातचाळा. पण संघ मागे पडला की मणी असे फटाफट आपटतात की जप बरा. डॉक्टरांनी त्याला तीन गोष्टी सोडायला सांगितल्या होत्या: मीठ, सिगरेट आणि बास्केटबॉल. त्याने मीठ सोडलं.

त्याचा संघ ऑलिंपियाकोस, पिरेयसचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. अथेन्सच्या हिरव्या संघाचं नाव पानाथिनाइकोस, पण ते बार्बाच्या तोंडून मी चार वर्षांत ऐकलं नाही. तो 'समोरचे' म्हणतो. समोरचे ह्यांना चिडवायला 'गाव्रोस' म्हणतात. गाव्रोस हा मासा. मी बाजारात जाऊन मुद्दाम पाहिला, आपल्या मांदेलीचा चुलतभाऊ निघाला. चिडवायला दिलेलं नाव ह्या लोकांनी मिरवायला घेतलं. कुणी रागाने 'गाव्रोस' म्हटलं की बार्बा छाती काढून "ने!" म्हणतो.

ऑलिंपियाकोसचा हॉल फालिरोला, पिरेयसच्या लगेच पुढचं स्टेशन. नाव 'शांतता आणि मैत्री स्टेडियम', ग्रीक आद्याक्षरांवरून सगळे 'सेफ' म्हणतात. पाहुण्या संघांना तो सेफ वाटल्याचं ऐकिवात नाही. समोरच्यांचा हॉल त्याच लोकल लाइनीवर पार वरच्या टोकाकडे, आणि त्याच्या स्टेशनाचं नाव इरिनी, म्हणजे पुन्हा शांतताच. दोन शांततांमधला एकूण गोंगाट मोजायला युरोपात यंत्र नसेल. ह्या लाइनीचा रंग नकाशावर हिरवा आहे. बार्बा नकाशा बघत नाही.

बाकी ग्रीस फुटबॉलचा असताना ह्या माणसांना बास्केटबॉलचं खूळ लागलं कुठून, हे मी एकदा विचारलं. उत्तर एका आकड्यात आलं: १९८७. त्या साली युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल ह्याच सेफमध्ये झाली आणि ग्रीसने सोव्हिएत युनियनला जादा वेळेत १०३–१०१ असं हरवलं. निकोस गालिसने एकट्याने ४० गुण केले. बार्बा तिथे होता. पिरेयसमध्ये पन्नाशीपुढचा भेटलेला प्रत्येक माणूस तिथे होता. त्या रात्री हॉलच्या बाहेर कोण उरलं होतं ते मला अजून समजलेलं नाही. पण बार्बाची हकिकत जरा निराळी. तो म्हणतो, "गालिसने ४० केले, ठीक आहे. शेवटचे दोन फ्री थ्रो कुणी घातले? कांबूरिसने. कांबूरिस कुणाचा? आमचा." चाळीसपेक्षा दोन मोठे, हे गणित त्याच्याकडेच शिकावं.

आता चौथ्या क्वार्टरचं. युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा, सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. बार्बा तीन बघतो. चौथा सुरू झाला की उठून बाहेर फुटपाथवर जातो आणि काचेकडे पाठ करून उभा राहतो. आत काय चाललंय ते तो आरडाओरडीवरून ओळखतो, पावसाचा अंदाज आपण जसा वासावरून घेतो तसा. सेफमध्ये गेला तरी चौथ्या क्वार्टरला हा माणूस बाहेरच्या बोळात, टॉयलेटच्या दाराशी. मोसमभराचं तिकीट चार क्वार्टरचं काढतो आणि तीन क्वार्टरचं वापरतो.

ह्याचं मूळ २०१२मध्ये. इस्तंबूलला फायनल होती, समोर मॉस्कोचा सीएसकेए. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऑलिंपियाकोस १९ गुणांनी मागे. बार्बा दुकानातून शिव्या देत निघाला तो थेट फालिरोच्या किनाऱ्यावर जाऊन बसला. इकडे शेवटच्या क्षणी स्पानूलिसने पास दिला, प्रिंतेझिसने एका हाताने चेंडू वर सोडला, आत. ६२–६१. घड्याळात ०.७ सेकंद शिल्लक. शहर रस्त्यावर आलं तेव्हा बार्बाला वाटलं भूकंप झाला. त्या रात्रीपासून त्याची पक्की खात्री आहे की तो बास्केट त्याने उठून जाऊन घातला. पुढच्या वर्षी लंडनला तो तिसरा क्वार्टर संपताच शिस्तीत बाहेर पडला आणि रेआल माद्रिद १००–८८ हरला. शास्त्राला आणखी काय पुरावा हवा?

सचिन नव्वदीत असताना आमच्या घरी कुणाला पाय हलवू देत नसत, त्यामुळे मला ह्यात वावगं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. म्हणजे पुढचं टळलं असतं.

२०२२-२३चा मोसम. अठरा संघ, प्रत्येकाचे ३४ सामने, ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत. कधी एका आठवड्यात दोन-दोन. ऑलिंपियाकोस साखळीत पहिला आला. साशा वेझेन्कोव मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लिथुएनियात काउनासला फायनल फोर होती, म्हणजे शेवटच्या चार संघांचे सेमीफायनल आणि फायनल एकाच ठिकाणी. सेमीफायनलच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये मोनाकोला ह्यांनी सबंध दहा मिनिटांत फक्त दोन गुण करू दिले आणि स्वतः २७ केले. दुकान नाचत होतं. बार्बा चिंतेत. "सगळे आजच संपवले. परवासाठी काय ठेवलं?"

परवा म्हणजे २१ मे, रविवार. फायनल, समोर रेआल माद्रिद. वेझेन्कोवने २९ गुण केले. चौथ्या क्वार्टरला बार्बा नियमाप्रमाणे फुटपाथवर, मी आत. शेवटच्या मिनिटात ७८–७७, आपण पुढे. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती, माळ थांबली होती, खांदे वर गेले होते. मला वाटलं, अकरा वर्षं हा माणूस स्वतःचा आनंद पाठीमागून ऐकतोय. आज तरी बघू दे. मी दार उघडलं आणि ओरडलो, "एला रे बार्बा!"

तो आला. माझ्यावर विश्वास ठेवून आला, हे विसरू नका.

त्याने उंबऱ्यातून पडद्याकडे बघितलं आणि रेआलच्या सेर्हियो युलने उडी मारून चेंडू सोडला. पस्तिशीचा युल. त्या क्षणापर्यंत सबंध सामन्यात त्याच्या नावावर एक गुण नव्हता. समोर २ मीटर १८ सेंटिमीटरचा मुस्ताफा फाल हात उंचावून. चेंडू त्या हातावरून गेला. ७९–७८. उरले ३.१ सेकंद. शेवटची फेक आपल्या स्लुकासने घेतली, ती आत गेली नाही.

बार्बा काही बोलला नाही. माझ्याकडे पाहून हवेत तीनदा थुंकल्यासारखं केलं, "फ्तू, फ्तू, फ्तू." दृष्ट काढायची ग्रीक पद्धत. आपली मीठ-मोहरी बरी, निदान अंगावर येत नाही.

पुढचे कित्येक महिने तो टेबलावर ते ३.१ सेकंद मांडत असे. पाण्याची बाटली म्हणजे फाल. साखरेची पुडी म्हणजे युल. चमचा स्लुकास. ॲशट्रे बास्केट. कप जरासा डावीकडे सरकवायचा, "हा इथे एक पाऊल पुढे असता तर…" पुडी उचलायची, बाटलीच्या टोकावरून न्यायची, ॲशट्रेत सोडायची. पुन्हा उचलायची, राख झटकायची, पुन्हा. साडेसातला सुरू झालेले ३.१ सेकंद सव्वाआठला संपायचे. सगळे त्याच्या मांडणीत होते, रेफरीसुद्धा (टूथपिक). एका संध्याकाळी त्याने खिशातून काडेपेटी काढली, टेबलाच्या कडेला उभी केली आणि माझ्याकडे बघत राहिला. ते दार होतं.

त्या उन्हाळ्यात स्लुकास समोरच्यांकडे गेला. मांडणीत चमचा होता तिथे दुसऱ्या दिवसापासून ऑलिव्हची चघळलेली बी आली. मी भीत भीत म्हटलं, "पण बार्बा, २०१०मध्ये स्पानूलिस समोरच्यांकडून तुमच्याकडे आला तेव्हा?" स्पानूलिससाठी बार्बा २०१२च्या मांडणीत लग्नाची अंगठी काढून ठेवतो, त्यामुळे प्रश्न जोखमीचा होता. तो शांतपणे म्हणाला, "तो आला रे. हा गेला." दोन्हींत किती अंतर आहे ते मला परदेशी असल्यामुळे कळत नाही, असं वर सांगितलं. वेझेन्कोव त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सॅक्रामेंटोला गेला, त्याचं काही नाही. बाहेरदेशी नोकरी लागली, पोरगा गेला. कोकणातल्या माणसाने ह्यावर काय बोलावं?

बरं, समोरचे आदल्या मोसमात अठरांमध्ये सतरावे आले होते. त्या आकड्यावर बार्बाने अख्खा उन्हाळा काढला. मग त्यांनी एर्गिन अतामान नावाचा तुर्की प्रशिक्षक आणला, ऑलिव्हची बी आणली, आणि २०२४च्या मेमध्ये बर्लिनच्या फायनल फोरमध्ये दोन्ही ग्रीक संघ हजर. शुक्रवारी ऑलिंपियाकोस पुन्हा रेआल माद्रिदकडूनच हरला, ८७–७६. रविवारी समोरच्यांनी त्याच रेआल माद्रिदला ९५–८० हरवून सातव्यांदा युरोलीग जिंकली. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू: ऑलिव्हची बी. त्या रात्री बार्बाने दुकानदाराला टीव्ही लावू दिला नाही. कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता.

तीनच दिवसांनी, बुधवारी, ऑलिंपियाकोसच्या फुटबॉल संघाने फिओरेंतिनाला हरवून कॉन्फरन्स लीग जिंकली. युरोपचा करंडक आणणारा पहिला ग्रीक फुटबॉल क्लब, आणि फायनल अथेन्समध्येच. गोल ११६व्या मिनिटाला. पिरेयस लाल धुरात बुडालं. मला वाटलं, चला, जखम भरली. बार्बा खुर्चीत बसून होता. "छान झालं," म्हणाला, एखाद्याच्या पुतण्याचा दहावीचा निकाल ऐकावा तसा. "पण फुटबॉलला चौथा क्वार्टर नाही रे. मी काय केलं ह्यात?"

तेव्हा मला हा माणूस थोडा उमगला. करंडक त्याला हवा होताच, पण आयता नको होता.

२०२५ची फायनल फोर अबू धाबीला. ऑलिंपियाकोस साखळीत पुन्हा पहिला. वेझेन्कोव परत आलेला. सेमीफायनलला समोर मोनाको, आणि मोनाकोच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून उभा कोण? स्पानूलिस. अंगठीवाला. मी ह्या खेपेस चौथ्या क्वार्टरला दाराला आतून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. तरी ७८–६८ हरलो. बार्बा आत आला, बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसला, मग म्हणाला, "नोकरी आहे रे त्याची." स्लुकासचीही नोकरीच, हे मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

कारण मग त्याने हिशेब मांडला. एक साखरेची पुडी: २०२२, बेलग्रेड, विरोधी संघातल्या मिसिचचा शेवटच्या क्षणाचा थ्री पॉइंटर. दुसरी: काउनास. तिसरी: बर्लिन. चौथी: अबू धाबी. चार वर्षांत चार फायनल फोर, चारही वेळा रिकाम्या हाताने परत. "आणि तू कधी आलास रे?" ग्रीकमध्ये एक शब्द आहे, ग्रुसूझिस. म्हणजे पनवती. त्याने तो उच्चारला नाही, पुड्या नुसत्या माझ्याकडे सरकवल्या.

जूनमध्ये माझी मुंबईला बदली झाली. बातमी सांगितली तेव्हा बार्बाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मिठी मारली, कॉफीचे पैसे पहिल्यांदा स्वतः दिले आणि तारीख विचारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारली. तिसऱ्या दिवशी तिकीट बघायला मागितलं.

विमानतळावर सोडायला तो स्वतः आला. मी आत शिरल्यावर मागे वळून पाहिलं, तर काचेपलीकडे उभा होता. ह्या वेळी काचेकडे तोंड करून. सामान गेलं, बोर्डिंग पास हातात आला, तरी हलला नाही.