दौलतजादा, पऱ्हाटीच्या कुंपणावरून

"बाई, ऐकलं का? यात्रेची मिटिंग झाली काल पारावर. घरटी पाचशे रुपये वर्गणी!"

काकूंच्या हातात तुरीचं सूप आणि डोकं पऱ्हाट्यांच्या कुंपणाच्या वर. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची नोटीस दोन दिवसांनी लागते. काकू त्याच संध्याकाळी लागतात.

"एवढी कशासाठी?"

"लावणीवाल्या आनणार हायेत म्हने. कीर्तनाले पन्नास काढतानी जीव जाते या मान्सायचा, अन् याले पाचशे! अन् त्यायले काम तरी काय वो? दोन गाने नाचाचं, नोटा येचाच्या, गाडीत बसाचं."

"नोटा येचणं लई सोपं वाटतंय व्हय काकू तुमाला?" कोपऱ्यावरच्या वहिनींनी दोरीवरचं धुणं सोडलं आणि त्या कुंपणाशी आल्या. मला कळलं, आता चहा थंड होणार.

वहिनींचं माहेर जामखेडचं. तिथल्या कला केंद्रांच्या रस्त्याला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. नाचणाऱ्या बायका तिथूनच साबण, तेल, चहापत्ती नेत, बऱ्याचदा उधारीवर. त्यामुळे या विषयात आमच्या आळीत वहिनींचा शब्द शेवटचा.

"आधी एक ध्यानात घ्या," वहिनी म्हणाल्या. "तमाशाचा फड येगळा अन् संगीत बारी येगळी. फडात सोंगाड्या असतो, वग असतो, तंबू घेऊन गावोगाव हिंडायचं. बारीवाल्या एका थेटरात राहत्यात. एकेका थेटरात कैक पार्ट्या, तिथंच त्यांच्या खोल्या, तिथंच चूल. पार्टीत नाचणाऱ्या पोरी, गाणारी एखादी वयस्कर बाई, ढोलकीवाला, पेटीवाला. सांजच्याला एकीमागून एक पार्टी स्टेजवर. म्हणून बारी. आपली बारी आली की चार-दोन गाण्यांत गिऱ्हाईकाचं मन धरायचं. न्हाई धरलं तर दुसरीची बारी तयारच असती."

"गिऱ्हाईक म्हंजे टोपीवाले, फेटेवाले?"

"टोपीवाले, फेटेवाले, जीन्सवालेबी. पोरगी पायानं नाचती, पन नजर खुर्च्यांवर. कोण एकटा आलाय, कोण दोस्तांम्होरं मोठेपणा करायला आलाय, कोण नुस्ता फुकट बघायला आलाय, हे तिला पहिल्या गाण्यातच कळावं लागतं. जो मोठेपणा करायला आलाय, त्याच्या म्होरं जाऊन एक अदा जास्तीची. त्यो फर्माईश करतो, दौलतजादा करतो, म्हंजी खुशीनं पैसे देतो. अन् लई रंगला की खोलीत बैठक लावतो. त्याचं बिल येगळं, थेटरच्या मालकाचा वाटा येगळा, साजिंद्यांचा येगळा."

"खोलीत!" काकूंनी सूप खाली ठेवलं.

"तुमच्या मनात जे आलं ना काकू, ते बाजूला ठेवा. बैठकीची लावणी बसूनच करत्यात. ढोलकीवाला, पेटीवाला, गाणारी, सगळी समोर. भुवई, बोटं, मान, एवढ्यावर सगळं. दुकानात येणारी एक बाई आईला सांगायची, 'बैठकीत नाचण्यापेक्षा ऐकणं जास्त.' गिऱ्हाईक येतं अन् उसाचा भाव सांगतं, भावकीतली वाटणी सांगतं, बायको बोलत न्हाई म्हणून रडतं. त्याला मधी तोडायचं न्हाई. 'मंग पुढं काय झालं जी?' एवढंच इचारायचं."

काकू हसल्या. "हे त आमच्या खामगावच्या साडीवाल्यासारखं झालं. पन्नास साड्या उलगडते, चहा पाजते, माहेरची खुशाली इचारते. मान्साले उठतानी लाज वाटली पायजे, असं करते."

"तेच! फक्त साडी घरी जाती अन् ह्यांचं गिऱ्हाईक हात हालवत जातं. तरीबी पुढच्या आठवड्यात परत येतं."

मी म्हटलं, "पण सगळीच गिऱ्हाईकं हात हलवत गेली नाहीत ना, वहिनी. किशोर शांताबाई काळेंचं 'कोल्हाट्याचं पोर' तुम्हाला वाचायला दिलं होतं मी." 1994 सालचं ते आत्मकथन. लेखकाची आई तमाशात नाचणारी. मुलानं बापाच्या जागी आईचं नाव लावलं आणि पुढे तो डॉक्टर झाला. वहिनी जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "वाचलं की. मालक म्हणवणारा येतो, बाईचा नाच सोडवतो, अन् पोराला ना नाव देतो ना घर. भाऊ-बाप तिच्या कमाईवर बसून खात्यात अन् तिचं लगीन हुऊ देत न्हाईत. घुंगरू बांधले की जलमभर कमवायचं. ते मी डोळ्यानं बघितलंय. तरी आमच्या दुकानाची उधारी त्या बायांनी कधी बुडवली न्हाई. बुडवली ती त्यांच्या मालकांनी."

आता काकूंना राहवेना. त्यांच्याकडेही माल होताच. आवाज खाली आला, म्हणजे गोष्ट खरी होती.

"माह्या नंदेचा पोट्टा नाई का, ष्टँडवर पानटपरी टाकली तो? तो पयले पनवेलकडं डान्स बारमंदी वेटर होता. घरी सांगतलं होतं, हाटेलात हाय म्हून!"

"काकू! आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मंग काय दवंडी देऊ? आयका. तो म्हने, मामी, तिथं पोरी अंगभर कपडे घालून नाचत. घागरा-चोली नाहीतर साडी, सिनेमाचे गाने. गिऱ्हाईक टेबलापाशी, पोरी फ्लोरवर, हात लावाचा नाई. गिऱ्हाईकानं हजार-दोन हजार काढले की हा पोट्टा गल्ल्यावरून धा-धाच्या नोटायचे बंडल आनून दे. मंग तो मानूस राजा! एक-एक नोट पोरीवर उडवते. नोटा गोळा कराचं काम वेटरायचं, अन् कोन्त्या पोरीचे किती त्याचा हिशेब अलग. रातच्याले बार बंद झाला की मालकाचा हिस्सा कापून उरलेले तिचे. अन् पगार बहुतेकींले नाईच."

"म्हंजी एखाद्या रात्री कुणी बघितलंच न्हाई तर?"

"तर रिक्षाचं भाडंबी अंगावर. म्हून त दुपारी उठल्या की पयले फोन. 'आज येता ना? तुमी नाई आले त मले करमत नाई.' नाव खोटं, गाव खोटं, मायच्या आपरेशनचं दुखनं अर्धं खरं, अर्धं खोटं. पक्कं गिऱ्हाईक असंन त त्याले रोज थोडी आशा लावाची, पन पुरी नाई कराची. पुरी झाली की गिऱ्हाईक संपलं. एक सेठ म्हने सहा महिने आला, अन् त्याले तिचं खरं नावबी मालूम नाई झालं!"

"मग भाच्याला माहीत होतं?"

"त्याले सगळ्यायचे खरे नावं मालूम होते. कोनाच्या लेकराची फी भराची हाय, कोनाच्या घरचं छप्पर गळते, सगळं. त्यायच्यातल्या कितीक त पिढ्यानपिढ्या नाचनाऱ्या घरच्या. राजस्थान, आग्रा, कुठल्या कुठल्या."

हे मात्र मी वाचलेलं होतं. उत्तरेतले राजदरबार आणि जमीनदारांच्या मैफली संपल्या, तेव्हा नट, बेडिया, कंजर, डेरेदार अशा नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या कित्येक मुली मुंबईच्या बारमध्ये आल्या. काकूंचा भाचा मात्र 2005 साली गावी का परत आला, ते मीच काकूंना सांगितलं. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बारवर बंदी आणली आणि 15 ऑगस्टपासून बार बंद झाले. तेव्हा 75 हजार मुलींच्या पोटापाण्याचा आकडा सगळीकडे बोलला जायचा. शिवाय वेटर, रिक्षावाले, शिंपी, मेकअपवाल्या वेगळ्याच.

"पन बंदी सगळ्यायले होती ना?"

"तिथंच तर गंमत! तीन तारे आणि त्याहून मोठ्या हॉटेलांना सूट होती. पनवेलच्या बारमध्ये नाचली की समाज बिघडतो, आणि मोठ्या हॉटेलात नाचली की बिघडत नाही."

"आपल्या गावातबी तसंच की," वहिनी म्हणाल्या. "सरपंचाच्या पोराच्या वरातीत डीजेम्होरं गडी नोटा उधळत्यात तवा संस्कृती बिघडत न्हाई."

"ते घोड्यावरचे पैशे असतात वो," काकू पुटपुटल्या. गेल्या वैशाखात त्यांच्याही घरची वरात होती.

बारमधल्या मुलींनी भारतीय बारगर्ल्स युनियनमधून, वर्षा काळे यांच्या पुढाकारानं, रस्त्यावर येऊन विरोध केला. बारमालकही कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं 2006 च्या एप्रिलमध्ये बंदी रद्द केली आणि 2013 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम केला. सरकारनं 2014 मध्ये मोठ्या हॉटेलांची सूट काढून पुन्हा कायदा केला, मग 2016 मध्ये आणखी एक. दरम्यान बऱ्याच मुली ऑर्केस्ट्रा बारमध्ये गेल्या. तिथं गायचं किंवा स्टेजवर नुसतं उभं राहायचं, नाचायचं नाही.

"नुस्तं उभं राहून काय पायते मानूस?"

"नाचताना जे पाहायचा तेच पाहतो," मी म्हटलं. "तिथंही सरकारचा हिशेब होता, स्टेजवर 8 कलाकार आणि त्यात बाया 4 च. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायांवरची ती मर्यादा उठवली. आठ कोण असावेत ते बारवाला ठरवील."

वहिनींनी विचारलं, "परदेशात कसं असतं ओ बाई? तिकडं तर कपडेबी काढत्यात म्हणं."

अमेरिकेतल्या त्या क्लबांबद्दल मला कळलेलं सांगितलं, तेव्हा काकूंना कपड्यांपेक्षा पैशाचंच जास्त आश्चर्य वाटलं. तिथल्या पुष्कळ क्लबांत नाचणारीला पगार तर नसतोच, उलट त्या रात्री तिथं नाचायचं म्हणून तीच क्लबला ठरावीक रक्कम भरते. आधी ती फेडायची, मग गिऱ्हाइकाच्या टिपेतून आपली कमाई. म्हणून तीही टेबलाटेबलाशी जाऊन बसते, गिऱ्हाइकाच्या नोकरीची चौकशी करते, घटस्फोटाची कहाणी ऐकते. लॉस एंजेलिसमधल्या स्टार गार्डन नावाच्या क्लबातल्या नर्तकींनी 2023 साली युनियन केली, कारण त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकांपासून त्यांना संरक्षण हवं होतं.

"म्हंजे नाचाचं तिनं अन् भाडंबी तिनंच भराचं? बाप्पा! त्याच्यापरीस आपला पनवेलवाला बरा, नुस्ता हिस्साच कापे."

"अन् गिऱ्हाइकाचं रडगाणं तिकडंबी तेच," वहिनी म्हणाल्या. "उसाच्या जागी घटस्फोट."

काकूंचं सूप अजून तसंच होतं. "पन बाई, त्या मंगच्या कायद्याचं काय झालं? कोन जितलं?"

"2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या कायद्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या. आतमध्ये कॅमेरे लावायची सक्ती गेली. शाळा-देवळापासून एक किलोमीटर लांब असण्याची अट गेली. वेळ मात्र संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा राहिली. आणि एक बंदी कोर्टानं ठेवली."

"कोन्ती?"

"नोटा उधळायच्या नाहीत. टीप द्यायची असेल तर द्या, पण अंगावर फेकायची नाही."

वहिनींनी टाळीच वाजवली. "आमच्या दुकानात यायच्या त्या बाया हेच म्हणायच्या. नोट दिली की बक्षीस, उधळली की अपमान. पन बोलायचं कुणाला? गिऱ्हाईक रुसलं की पुढच्या बारीला उपाशी."

काकू बराच वेळ तुरीतले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे 2005 साली त्या पोरीचे पाय बांधले, अन् त्या मान्साचा हात धराले चौदा वर्सं लागले. पयलेच हात धरला असता त भाच्याची नोकरी त नसती गेली!"

"पानटपरी छान चालतीय की त्याची."

"चालते. पन तो अजून म्हनते, मामी, मान्सं वळखाचं जे त्या पोरीयपासून शिकलो, ते इथं गल्ल्यावर कामी पडते. कोन उधारी फेडन, कोन बुडवन, तोंडावरूनच समजते त्याले."

तेवढ्यात पाराकडून काका येताना दिसले. वर्गणीची वही त्यांच्याच काखेत होती, म्हणजे मिटिंगमध्ये लावणीच्या बाजूनं हात कुणी वर केला ते काकूंना विचारायची गरजच उरली नाही. काकांनी वही उघडली, पेन काढलं.

"पाचशे ना?" काकू म्हणाल्या. "लिवा. पन आयका, त्या पोरीले बक्षीस द्याचं असंन त स्टेजपाशी जाऊन हातात द्या. खुर्चीवर उभं राहून नोटा उडवल्या, त यात्रेचा सैपाक तुमीच कराचा."

काका वहीत डोकं घालून म्हणाले, "मी कधी उडवल्या?"

"गेल्या वैशाखात," वहिनी आणि मी एकदमच म्हणालो.