अडीचशे घोड्यांचं स्थळ

अलाबामातलं हंट्सव्हिल हे रॉकेटांचं गाव. माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न ५ इथल्या मार्शल केंद्रात आकाराला आलं. आमचे शेजारी त्याच केंद्रातून निवृत्त झाले. इंजिन या विषयात त्यांना चार गोष्टी शिकवील असा माणूस आमच्या गल्लीत तरी नाही. अशा माणसाला एक मोटर पसंत करता येईना. ते बघायला मजा येत होती असं लिहिलं तर ते रागावतील, पण येत होती खरी.

मोटर बोटीची. वीस फुटी, निळ्या चमकीच्या फायबरची, पाण्याला जेमतेम टेकलेली बास बोट. बास हा इथल्या जलाशयांतला हिरवट, मोठ्या तोंडाचा मासा. पाणगवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि समोरून जाईल ते गिळतो. त्याच्यासाठी १९४८ साली लुइझियानातल्या होम्स थर्मंड यांनी खास बोट बनवली, तिचं नाव स्कीटर. पुढे १९६७ साली रे स्कॉट या विमा विकणाऱ्या गृहस्थांनी बास पकडण्याच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि मासेमारीसारख्या निवांत उद्योगात घड्याळ शिरलं. पहाटे बोटी नंबराने सुटतात. ज्या खाचेत मासा आहे असं दहाजणांना वाटतं, तिथे जो आधी पोचेल त्याची ती जागा. मग मोटर मोठी होत गेली. स्पर्धांनी वर्षानुवर्षं २५० अश्वशक्तीची मर्यादा घातली, त्यामुळे लगेच सगळ्यांना नेमकी २५० हवीशी झाली.

शेजारी जन्मभर एव्हिनरूडवाले. नॉर्वेहून विस्कॉन्सिनला आलेल्या ओले एव्हिनरूडची गोष्ट ते दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगतात. सहलीला गेले असताना पुढे पत्नी झालेल्या बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओलेने वल्ही मारत जाऊन ते आणलं, पण परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं. त्या वितळलेल्या आइस्क्रीमातून बोटीच्या मागे टांगायची मोटर निघाली आणि १९०९ पासून ती विकायला लागली. गोष्ट पुरती खरी असो वा नसो, होणाऱ्या बायकोच्या शब्दाखातर एवढी यंत्रविद्या कामाला लागल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. २०२० साली मालक कंपनीने एव्हिनरूडचं उत्पादन बंद केलं. शेजाऱ्यांची मोटर त्यानंतरही चालली, पण ती सांभाळणारा म्हातारा मेकॅनिक दुकान बंद करून फ्लोरिडाला राहायला गेला. मग मात्र नवं स्थळ बघणं आलं.

स्थळं दोन. एक मर्क्युरी, घराणं विस्कॉन्सिनचंच. १९३९ साली कार्ल कीकहेफर यांनी एक बुडीत कारखाना घेतला. त्यांच्या डोक्यात होती दूध-डेअऱ्यांना लागणारी चुंबकी यंत्रं. कारखान्यात मात्र गिऱ्हाइकाने नाकारलेल्या बिघडक्या बोट-मोटरी पडून होत्या. पैसे मोकळे व्हावेत म्हणून त्यांनी त्या दुरुस्त करून विकल्या, आणि डेअरीचं राहूनच गेलं. त्याच १९३९ मध्ये टेनेसी नदीवरचं गंटर्सव्हिल धरण पुरं झालं आणि आज शेजारी ज्यात बास शोधतात तो पाऊणशे मैल लांबीचा जलाशय तयार झाला. शेजाऱ्यांना या योगायोगात संकेत दिसतो. अवकाश संशोधनात हयात गेलेल्या माणसाला संकेत दिसू नयेत, पण मोटर घेताना दिसतात.

दुसरं स्थळ यामाहा. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली जपानमधल्या एका शाळेची बिघडलेली बाजाची पेटी दुरुस्त केली, तिथून हे घराणं सुरू झालं. आमच्या सांगलीच्या पिढीला मात्र यामाहा म्हटलं की १९८५ साली आलेली आरएक्स १०० च आठवते. कॉलेजच्या कोपऱ्यावरून ती वळली की आवाजावरून कोणाची ते सांगता यायचं. माझं मत तिथेच बनलं होतं. त्याला तांत्रिक आधार म्हणता येत नाही, म्हणून मी ते शेजाऱ्यांना सांगितलं नाही.

तांत्रिक आधार शोधायला गेलं तर घोळ वाढतो. मर्क्युरीच्या प्रो एक्सएसमध्ये ४.६ लिटरचे आठ सिलिंडर, यामाहाच्या एसएचओत ४.२ लिटरचे सहा. दोघींची ताकद कागदावर सारखीच, २५०. वजन दोघींचं पाचशे पौंडांच्या जरासं वर, म्हणजे २३० किलोच्या आसपास. मर्क्युरीवाले म्हणतात, थांबलेली बोट आमची मोटर आधी उचलते. यामाहावाले म्हणतात, आमची वीस वर्षं तक्रार करत नाही. दोघांकडे आपापले व्हिडिओ असतात आणि प्रत्येकात समोरच्याची बोट मागे पडलेली असते. काहींचा प्रश्न परस्पर सुटतो. स्कीटर ही बोट-कंपनी १९९६ पासून यामाहाच्याच मालकीची आहे, त्यामुळे स्कीटर घेतली की यामाहा घरात आलीच. शेजाऱ्यांची बोट जुनी, मोकळी, कोणाला बांधलेली नाही. त्यांना ही सुटकाही नव्हती.

मीही इंजिनिअर आहे, गप्प बसवेना. बोटीचा वेग अश्वशक्तीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ताकद सव्वापट केली तरी वेग बारा टक्केच वाढणार. मग दोन २५० मधला फरक तो किती? फार तर ताशी दोन मैल. वीस मैलांवरच्या जागेवर ७० च्या वेगाने जा की ७२ च्या, वाचतं अर्धं मिनिटसुद्धा नाही. हे मी कागदावर मांडून दाखवलं. शेजाऱ्यांनी चष्मा वर करून आकडे तपासले, बरोबर आहेत म्हणाले, आणि कागद परत देत म्हणाले, "त्या अर्ध्या मिनिटात दुसरा कोणीतरी माझ्या जागेवर नांगर टाकून बसलेला असतो." यावर वर्गमूळ काय बोलणार?

शेवटी त्यांच्या एका मित्राची मर्क्युरी आणि दुसऱ्याची यामाहा प्रत्यक्ष पळवून बघायचं ठरलं आणि मला वजन म्हणून बरोबर घेतलं. शब्दशः वजन, कारण दोन माणसं बसल्याशिवाय चाचणी खरी होत नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. चालकाच्या जॅकेटला एक लाल दोरी अडकवतात. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटते आणि मोटर मरते. २०२१ पासून केंद्रीय कायद्यानेच ती अडकवावी लागते. पायातलं पेडल दाबलं तशी बोटीची नाळ आभाळात गेली. तीन-चार सेकंद समोर नुसतं आभाळच होतं. मग नाळ खाली आली, पाणी सपाट झालं आणि आवाजाचा सूर बदलला. चालकाने स्टिअरिंगवरचं बटण दाबून मोटर थोडी बाहेर झुकवली, तशी बोट आणखी वर उचलली गेली. शेवटची चार-पाच फुटं सोडली तर तिचा पाण्याशी संबंध उरला नाही. ती डावी-उजवीकडे डुलायला लागली. चालक बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत तिला समजावत होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी गालावर न उतरता थेट कानाकडे गेलं. बोटीला ब्रेक नसतो ही माहिती मला त्याच वेळी देण्यात आली.

आणि मग, जागा आली. मोटर बंद. पुढच्या बाजूने एक छोटी विजेची मोटर पाण्यात सोडली आणि सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांनी सहज मागे टाकावं अशा चालीने बोट गवताच्या कडेकडेने सरकू लागली. उरलेला दिवस तसाच. ताशी वीस गॅलनहून अधिक पेट्रोल पिणारे अडीचशे घोडे मागे मान खाली घालून उभे, आणि दोन प्रौढ गृहस्थ कुजबुजत गळ फेकताहेत. मासा मिळाला. सव्वादोन किलोचा, देखणा. त्याचा फोटो काढला, वजन केलं आणि त्याला परत पाण्यात सोडला. जिवंत मासा सोडून देण्याची ही शिस्तही रे स्कॉट यांनीच १९७२ पासून स्पर्धांत आणली.

हे मी फोनवर मालवणला सासूबाईंना सांगितलं. त्यांच्या दारासमोरून आठ-दहा अश्वशक्तीची मशीनं लावलेल्या होड्या रोज जातात आणि बाजार भरवतात. अडीचशे ऐकून त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "धरतत आणि परत सोडतत? मगे जातत कित्याक?" हा प्रश्न मी शेजाऱ्यांपर्यंत पोचवला. त्यांनी बराच विचार केला आणि सासूबाईंचं मत मर्क्युरीच्या बाजूने दिसतं असं काहीतरी अनुमान काढलं.

दोन्ही फेऱ्यांची वेळ घड्याळाने लावली होती. फरक निघाला, पण एका बोटीत इंधन जास्त होतं आणि दुसऱ्या फेरीला वारा समोरून होता. मोटर किती उंचीवर बसवली आहे, पाव इंच वर की खाली, यावरही वेग बदलतो. म्हणजे मापलं ते मोटरीचं होतं की वाऱ्याचं, हे सांगता येईना. या पातळीला दोन्ही कंपन्या इतक्या जवळ आल्या आहेत की माझ्या मते मोटर निवडूच नये, मेकॅनिक निवडावा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर फोन कोण उचलतो, हा खरा निकष. ब्रोशरमध्ये तो आकडा छापत नाहीत.

हे शेजाऱ्यांना पटलं. पटायला वेळ लागला, कारण पटल्यावर बघण्याचा कार्यक्रम संपणार होता. गावापासून तासाभरावर दोन्ही मोटरींची कामं करणारा एक पोरगेला मेकॅनिक आहे. हात काळे, बोलणं कमी. त्याला विचारलं, तुझ्या स्वतःच्या बोटीला काय आहे? मर्क्युरी, तो म्हणाला, कारण ती सेकंडहँड मिळाली. एवढ्या प्रामाणिक उत्तरावर शेजाऱ्यांनी मर्क्युरीचा चेक लिहून टाकला, पंचवीस हजार डॉलरच्या वरचा. आरएक्स १०० ची बाजू मांडायची राहूनच गेली.

मोटर आली, बसली, सुटलाही प्रश्न, असं मी समजत होतो. काल शेजारी कुंपणापाशी आले. मेकॅनिकने विचारलंय, पंखा तीन पात्यांचा की चार? तीन पाती वरचा वेग देतात, चार पाती पाणी घट्ट धरतात आणि बोट पटकन उचलतात. शिवाय पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर, २४ इंच की २५, कारण एका इंचाने इंजिनाचे मिनिटाला दीड-दोनशे फेरे इकडचे तिकडे होतात. त्यांचा चेहरा उजळला होता. मेकॅनिक चार पंखे उसने देणार आहे, चारही लावून बघायचे आहेत. शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं, स्टॉपवॉच माझ्याकडे, आणि या खेपेला वारा मोजायचं यंत्रही घेतलंय.