प्रतीक्षाधीन भाऊसाहेब

नगर जिल्ह्यात कचेरीत टेबलामागे बसलेल्या माणसाला भाऊसाहेब म्हणायचं, असा रिवाज आहे. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, लेखा शाखेतले वरिष्ठ सहायकही भाऊसाहेबच. मी सांगतोय ते यातलेच एक. नाव सांगत नाही, कारण तुमच्या ओळखीत असा एक असणारच : अठ्ठावन्नावं लागलं की ज्याचं जेवण कमी होतं आणि झेरॉक्स वाढतात.

भाऊसाहेबांची जन्मतारीख १ जून. त्या पिढीत ती फार चालली. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. आणि १ तारखेला जन्मलेल्याची नोकरी आदल्या महिन्याच्या अखेरीला संपते, म्हणून निवृत्ती ३१ मेला. त्या दिवशी कचेऱ्या-कचेऱ्यांत निरोप समारंभांची दाटी. त्यातच अहिल्यादेवींची जयंती, म्हणजे सगळे साहेब लोक जामखेडकडं, चौंडीला. "मग माझ्या निरोपाला अध्यक्ष कोण? शिपाई?" ही चिंता त्यांनी वर्षभर आधी सुरू केली.

दुसरी चिंता गावाच्या नावाची. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आम्ही पाटी वाचली आणि कामाला लागलो. भाऊसाहेबांनी सेवापुस्तक काढलं. "लागलो अहमदनगरात, सुटणार अहिल्यानगरातून. मधे माझी बदली झाली आणि आदेशच मिळाला नाही, असं कुणी लेखापरीक्षणात काढलं तर?"

त्याच वर्षी धाकटीचं लग्न आणि माळीवाड्यातला भाड्याचा वाडा सोडून सावेडीच्या फ्लॅटमध्ये जाणं. दुसरा कुणी असता तर रक्तदाबाची गोळी सुरू केली असती. भाऊसाहेबांनी गठ्ठे बांधले.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना नावाचे जिल्हाधिकारी नगरला होते. तुंबलेल्या कचेरीला त्यांनी जी शिस्त लावली ती 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. तिच्यातली सहा गठ्ठे पद्धत कारकुनांच्या हाडात मुरली आहे : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे 'ड' कागद. जगाला या जिल्ह्यानं साईबाबा दिले, सहकारी साखर कारखाना दिला; पण भाऊसाहेबांच्या मते खरी देणगी हीच. त्यांनी सहा रुमाल आणले आणि घरच्या चिंता कागदावर लिहून एकेका गठ्ठ्यात घातल्या. मांडववाल्याची उचल : प्रलंबित. व्याह्यांचा मानपान : प्रतीक्षाधीन, म्हणजे समोरून उत्तर येईपर्यंत आपण हलायचं नाही. गुडघेदुखी : नियतकालिक, दर थंडीला. मेहुण्यानं १९९४ साली केलेला अपमान अभिलेख कक्षात, वर्ग 'अ', म्हणजे कायम जतन.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं मोबाइलवर एक तक्ता पाठवला. होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, निवृत्ती ४५, मूल घर सोडून जाणं २९, घर बदलणं २०. वर्षाची बेरीज ३०० च्या पुढं गेली तर आजारपणाचा धोका मोठा. भाऊसाहेबांनी लगेच बेरीज मांडली : चौऱ्याण्णव. तीनदा तपासली. एवढा जीव काढून नुसते चौऱ्याण्णव? सुट्टीला जाण्याचेही १३ गुण आहेत हे पाहून मात्र त्यांना बरं वाटलं. रजा तब्येतीला वाईट, हे ते पूर्वीपासून सांगत होते. वहिनींनी चष्मा लावून तक्ता वाचला. "लग्नाला पन्नास आणि ऑफिसला पंचेचाळीस? अहो, म्हणजे पाचच गुणांनी पुढं आहे मी!"

कुणीतरी त्यांना अरणगावजवळ मेहेराबादला नेऊन आणलं. 'काळजी करू नका, आनंदात राहा' असं सांगणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तिथं आहे आणि त्यासाठी परदेशातून माणसं येतात. भाऊसाहेबांनी मनोभावे नमस्कार केला. परतताना म्हणाले, "आदेश उत्तम आहे. फक्त कार्यपद्धती जोडलेली नाही."

आम्ही हसायचो. पण चिंता कागदावर उतरवा, तिला दिवसातली एक वेळ ठरवून द्या, असं मानसोपचारतज्ज्ञही सांगतात. भाऊसाहेबांची वेळ रात्री साडेआठ, जेवण झाल्यावर. माझं निरीक्षण असं की सर्वांत फुगला तो प्रतीक्षाधीनचा रुमाल, आणि त्यातल्या बहुतेक कागदांना समोरून उत्तर कधी आलंच नाही. व्याह्यांनी मानपानाचा विषयही काढला नाही. निरोप समारंभाला साहेब नव्हतेच. शिपायानं भाषण केलं आणि तेच चांगलं झालं. असे कागद 'ड' वर्गात टाकून जाळायला हवे होते, पण वर्ष झाल्याशिवाय आणि सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिवाय भाऊसाहेब काडी ओढत नाहीत. सक्षम अधिकारी म्हणून वहिनींची नेमणूक झाली.

अधिकार हातात आल्यावर वहिनींनी पहिलीच टिपणी आपणहून टाकली. विषय : निवृत्त इसमाने दिवसभर घरी असणे, डबे उघडून डाळ मोजणे व गॅसची ज्योत कमी करणे. भाऊसाहेबांनी ती प्रतीक्षाधीनमध्ये सरकवली. वहिनींनी काढून स्थायी आदेशात घातली, खाली सही करून : सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा घरात दिसू नये.

भाऊसाहेबांनी आदेश दोनदा वाचला. कित्येक महिन्यांत इतके खुललेले दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर बाहेर पडले. दुपारच्या अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीसाठी मात्र त्यांनी रीतसर अर्ज केला आहे.