चार प्लगवाल्या उस्तादांना

प्रिय उस्ताद,


आपलं बिल पोचलं. ‘स्पार्क प्लग, चार नग.’ गाडी माझी १९९८ ची मारुती ८००. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. सुझुकीच्या इंजिनिअरांना सुचलं नाही ते आपण एका दुपारात करून दाखवलंत. जुने प्लग परत मागितले, तर तेही फडक्याने पुसून चारच हातावर ठेवलेत. हिशेबाला पक्के!

सिग्नलला गाडी बंद पडते, एवढीच माझी तक्रार होती. कॉम्प्रेशन गेज वगैरे फालतू गोष्टींना आपण हात लावला नाहीत. बॉनेटपाशी कान नेला, मान हलवली आणि म्हणालात, “काका, हाफ इंजिन करावं लागेल.” सायलेन्सरमधून निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, तरी पिस्टनच्या रिंगा गेल्याचं आपल्याला बाहेरूनच कळलं. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला, जेटमधला कचरा हवा मारून काढला, आयडलिंगचा स्क्रू जरासा फिरवला. गाडी आता सिग्नलला गुमान उभी राहते. बिचाऱ्याला एवढंच येत होतं.

“८०० बंद झाली २०१४ ला, माल मिळत नाही, म्हणून जास्त पडले,” हेही आपणच सांगितलंत. नाना पेठेतल्या दुकानदारांना ही बातमी कोणीतरी कळवा हो, ते अजून काउंटरवरून पार्ट विकतायत.

आणि ते पालुपद: “विश्वास ठेवा, घरचीच गाडी समजतो.” लोकल एअर फिल्टर बसवून कंपनीचे पैसे लावलेत, तेव्हा मला आपल्या घरच्यांची काळजी वाटली.

विश्वास फार महाग नसतो, उस्ताद. गाडी उघडण्याआधी अंदाज कागदावर लिहावा. आणखी काम निघालं तर आधी फोन करावा. पार्ट कंपनीचा की लोकल ते बिलावर टाकावं, काढलेला पार्ट न मागता डिकीत ठेवावा. नव्या गाडीवाला वॉरंटी संपेपर्यंत आपल्या दारात फिरकत नाही; जुन्या गाडीवाला या ना त्या कारणाने येतच राहतो. त्याला एकदाच कापायचं की वर्षानुवर्षं सांभाळायचं, हा धंद्याचा साधा हिशेब आहे.

आमच्या सोसायटीत जुन्या गाड्या बऱ्याच आहेत. गॅरेजबद्दल लोक मलाच विचारतात. मी आपलं नाव आवर्जून सांगतो. कुठे जाऊ नये, असं कोणी विचारलं की.

आपला,
एक माजी गिऱ्हाईक