मंदीतली आलिशान गाडी: एक जिल्हास्तरीय परिचय

आलिशान गाडी हे प्रवासाचे साधन आहे, असा समज बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळतो. मराठवाड्यापुरता तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. येथे ती पावसावर अवलंबून नसलेले बागायती पीक आहे. तिला पाणी लागत नाही, पत लागते. आणि बाजार पडला की सरकार स्वतः खत घालते. जालना जिल्ह्यात बियाणे आणि सळई या दोन धंद्यांनी पैसा आणला, म्हणून 'जालना, सोने का पालना' ही म्हण येथे अजून टिकून आहे. पाळण्यात कोण झोपते आणि दोरी कोण ओढते, याबद्दल म्हण काही सांगत नाही.

गाडीच्या आधी मंदी समजून घ्यावी. तिचे दोन प्रकार आहेत. पहिली मंदी जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांत असते. कापूस, सोयाबीन किंवा मोसंबीचा भाव पडला की ती येते. तिची बातमी आतल्या पानावर असते. दुसरी मंदी दिल्लीत पत्रकार परिषदेत येते आणि तिच्याबरोबर उपाययोजनाही येतात. पहिली पैशांत मोजतात. पैसेवारी 50 पैशांच्या आत आल्याखेरीज गावाचा दुष्काळ कागदावर चढत नसे. दुसरी टक्क्यांत मोजतात आणि त्यासाठी एका महिन्याची विक्री पुरते.

या विषयातील अभिजात उदाहरण जालन्यापासून सुमारे 60 किलोमीटरवर घडले. 2008 च्या जागतिक मंदीतून जग सावरत असताना, ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे 150 मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी रुपये. स्टेट बँकेने त्यासाठी 40 कोटींहून अधिक कर्ज दिले, व्याज 7 टक्के. घाऊक खरेदीत भाव पाडून मिळतो, हे मोंढ्यातल्या कोणत्याही अडत्याला ठाऊक असते. व्याजही पाडून मिळते, हा शोध मात्र नवा होता. मराठवाडा मागास नाही हे या खरेदीने सिद्ध झाल्याचे तेव्हा अभिमानाने सांगण्यात आले. अनुशेष भरून काढण्याचा इतका जलद मार्ग कोणत्याही वैधानिक विकास मंडळाला तोवर सुचला नव्हता.

त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी आपल्या लेखात या गाड्यांशेजारी एक ट्रॅक्टर उभा केला. औरंगाबाद जिल्ह्यातल्याच एका तांड्यावरच्या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा व्याजदर होता 15.9 टक्के. यातून व्याजाचा सोपा नियम निघतो: वाहन जितके कमी कामाचे, तितके कर्ज स्वस्त. बँकेच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे. मर्सिडीजवाल्याकडे तारण असते, पगारपत्रक असते, शिवाय व्यवस्थापकाशी ओळख असते. शेतकऱ्याकडे सातबारा असतो आणि त्यावर आधीचा बोजा असतो. ज्याला कर्जाची गरज नाही त्यालाच ते सुरक्षितपणे देता येते, हे बँकिंगचे मूलतत्त्व आहे.

दोन वर्षांनी, 2012-13 मध्ये, जालना जिल्हा दुष्काळाच्या अगदी मध्यावर होता. घाणेवाडी तलाव आटला, शहरात टँकर आले, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि सरपणासाठी तोडल्या गेल्या. मोसंबीचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे घेते. गाडीचे कर्ज साधारण तेवढ्याच वर्षांत फिटते. पण झाड जळाले तर नवे रोप लावून पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते, आणि गाडी जुनी झाली तर 'एक्स्चेंज ऑफर' असते.

दुसऱ्या प्रकारची मंदी 2019 मध्ये आली. त्या ऑगस्टमध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत 31.57 टक्क्यांनी घटली. तरुण पिढी हप्त्यात अडकण्यापेक्षा ओला-उबर पसंत करते, असे एक कारण अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले. मर्सिडीजची देशातील विक्री 2018 मधील 15,538 वरून 2019 मध्ये 13,786 वर आली. तेवढ्या मंडळींनी ओला पकडली की नाही, याचा तपास झाला नाही. जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. बदनापूरकडून मोटारसायकलवर पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना ऑडी आतून-बाहेरून पाठ असते. फक्त तिच्यात बसण्याचा प्रसंग येत नाही. वाहन उत्पादकांनी तीन महिन्यांत देशभर सुमारे 15,000 जणांना कमी केल्याचे त्यांच्याच संघटनेने सांगितले. त्यांतले बहुतेक हंगामी होते, म्हणजे त्यांना काढले असे म्हणता येत नाही. त्यांचा हंगाम संपला.

उपाय तत्परतेने झाले. 23 ऑगस्ट 2019 रोजी घोषणा झाली की, मार्च 2020 पर्यंत घेतलेल्या वाहनांवर व्यवसायासाठी 15 ऐवजी 30 टक्के घसारा मिळेल. घसारा म्हणजे गाडी दारात उभी असताना कागदावर झिजण्याचा वेग. हा वेग जितका अधिक, तितका नफा कमी दिसतो आणि प्राप्तिकरही कमी लागतो. सप्टेंबरात कंपनी कर 22 टक्क्यांवर आला. ऑक्टोबरात अवकाळी पावसाने मराठवाड्यातले काढणीला आलेले सोयाबीन सडवले. सरकार स्थापन झाले नव्हते, म्हणून नोव्हेंबरात राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी 8,000 रुपये, 2 हेक्टरांच्या मर्यादेत. सडलेल्या सोयाबीनला घसारा लागू होत नाही.

'मर्यादा' ही संकल्पना येथे महत्त्वाची आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत ती मदतीला असते, आलिशान गाडीच्या बाबतीत कराला. महाराष्ट्रात गाडीचा एकरकमी वाहन कर किमतीच्या टक्केवारीने लागतो, पण त्याला 20 लाखांची कमाल मर्यादा होती. जुलै 2025 पासून ती 30 लाख झाली. त्यापुढे गाडी कितीही महाग असो, खजिन्याला संकोच वाटतो. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांहून अधिक किमतीच्या विजेवरील गाड्यांना 6 टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि त्याचे कौतुक झाले. मोठ्या एसयूव्हीवरचा उपकरासह 50 टक्क्यांचा भार त्याच दिवशी 40 वर आला. ट्रॅक्टरला सात, एसयूव्हीला दहा. त्याच आठवड्यात मराठवाड्यात शेतांतून पुराचे पाणी वाहत होते.

गाडी ताब्यात घेण्याचा विधी सर्वत्र सारखा आहे. शोरूममध्ये गाडीवर सॅटीनची झूल असते, ती सहकुटुंब ओढतात. पुठ्ठ्याची हातभर किल्ली घेऊन फोटो निघतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, नारळ फोडतात, चारही चाकांखाली लिंबे ठेवतात. मग जालन्याच्या एमएच-21 चा चॉइस नंबर. चारचाकीच्या '0001' चे शासकीय शुल्क ऑगस्ट 2024 मध्ये 3 लाखांवरून 5 लाख झाले. 2019 च्या मदतीच्या दराने त्यात साडेबासष्ट हेक्टर सोयाबीन बसते. पुढे गाडी शहरात येते आणि पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासते. एवढा एकच क्षण तिचा मालक स्थानिक प्रश्नांविषयी पोटतिडकीने बोलतो.

गाडीच्या दिखाऊपणालाही अपवाद असतो. ऑगस्ट 2022 मध्ये जालन्यातल्या सळई उद्योगांवर प्राप्तिकर विभागाने छापे घातले. अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आल्याचे वृत्तपत्रांनी छापले. साध्या गाड्यांचा ताफा गावात फिरला तरी कुणी वळून पाहिले नाही. छाप्यांत 56 कोटींहून अधिक रोकड जप्त झाली आणि ती मोजायला सुमारे तेरा तास लागल्याचे सांगण्यात आले. मंदीत पैसा जातो कुठे, या अर्थशास्त्रातल्या कूटप्रश्नाचे अंशतः उत्तर त्यातून मिळाले.

शेवटचा टप्पा भंगाराचा. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई काढतात, आणि 2021 च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणामुळे जुन्या गाड्यांचे लोखंड हा त्यांचा हक्काचा माल ठरू पाहतो आहे. काट्यावर गाडी चढते तेव्हा चॉइस नंबर काढून ठेवलेला असतो, घसारा पुरता वसूल झालेला असतो आणि कर्ज फिटलेले किंवा निर्लेखित झालेले असते. मर्सिडीजचे लोखंड आणि ट्रॅक्टरचे लोखंड येथे एकाच किलोच्या भावाने जाते. वाहनांच्या बाबतीत समान धोरण राबवणारे जिल्ह्यातले हे एकमेव ठिकाण आहे, आणि ते खासगी क्षेत्रात आहे.