काकांची तिसरी केस

“काकू, दुपारी तुमच्याकडे कोणाची दाढ काढत होते का हो?” कढीपत्ता हे निमित्त, भिंतीशी गेले ते खरं या चौकशीसाठी.

“दाढ कसली! तुझे काका. मागच्या शेडमधल्या लेथवर घड्याळाची केस करतायत. महिना झाला.”

मला वाटलं, भिंतीवरच्या घड्याळाची. तर नाही, मनगटावरच्या! काकांच्या वडिलांचं एचएमटी जनता. आतलं मशीन ठणठणीत, चावी दिली की टिकटिक सुरू. पण केस इतक्या वर्षांच्या घामानं पार खाल्लेली.

“मग लक्ष्मी रोडवर बघायची ना दुसरी.”

“मी तेच म्हटलं. तर म्हणाले, ‘एचएमटी १९५३ साली निघाली तीच मशिनं करायला. आधी लेथ, मग १९६१ला जपानच्या सिटिझनला धरून घड्याळं. म्हणजे लेथ ही घड्याळाची थोरली बहीण.’ आता बोल! २०१६ला सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हा हा माणूस रात्री जेवला नव्हता गं.”

जन्मभर टर्नर म्हणून राबलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

“एका रविवारी जुन्या बाजारातून पितळेचा रॉड आणला. चांगलं किलोभराचं धूड. त्यातून उरणार सुपारीएवढं, बाकी सगळा चुरा. पायपुसण्यात चुरा, खिशात चुरा. परवा पोह्यांत काही चमकलं, मी म्हटलं हळदीची गाठ राहिली!”

“पहिली झाली का पण?”

“पहिली उडाली. पितळेला टूलचं तोंड सपाट घासून घ्यावं लागतं, नाहीतर ते जॉबमध्ये घुसतं. हे यांनीच कारखान्यातल्या पोरांना शिकवलेलं. आणि त्या दिवशी घाईत स्टीलसाठी घासलेलं टूल तसंच लावलं. खाडकन् चकमधून जॉब सुटला तो थेट माझ्या तुळशीत.”

बाई तुळशीबद्दल बोलताना अजून रागात होत्या, काकांचं बोट शाबूत राहिलं याबद्दल चकार शब्द नाही.

“दुसरी मात्र देखणी झाली हो. आत मशीन बसायला एक पायरी, वरून काचेला एक, मागून झाकणाला एक. झाकण अंगठ्यानं दाबलं की ‘टच्’! पण चावीचं भोक…” काकूंनी निवडायला घेतलेल्या मेथीची काडी दोन बोटांच्या फटीतून सरकवून दाखवली. “दांडी अशी सरळ बाहेर यायला हवी. भोक मिलिमीटरच्या दहाव्या भागानं खाली पडलं. दांडी घासायला लागली, चावी फिरेना. दोन दिवस घरात कोणी बोललं नाही.”

एवढ्यात काकाच आले, कपाळावर भिंग सरकवून. तिसरी केस तळहातावर, आत मशीन बसवलेलं.

“काका, पट्टा कुठे लावणार?”

“कान बसवायचेत अजून. मशीन काढून चांदीचा डाख देणार. मग निकेल चढवायचं, नाहीतर मनगट हिरवं होतं.”

मी घड्याळ कानाला लावलं. स्टँडवरून गाडी हॉर्न देत निघाली, ती गेल्यावर बारीक टिकटिक आली. काट्यांत तीन वाजून दहा; माझ्या मोबाइलवर तीन बावीस.

“मागे आहे हो, काका.”

“केस माझी. वेळ वडिलांची, ते कायम उशिराच यायचे.”

“आणि तेल द्यायचं राहिलंय, ते सांगा की तिला,” काकू म्हणाल्या, आणि मेथीच्या जुडीतून एक पिवळा कण उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.